ज्वारीचा दाणा आणि न पाहिलेली मुलगी

आता अशी फजिती तुम्ही ऐकली नसेल. हा किस्सा सांगायचा हक्क खरं तर दुसऱ्या माणसाचा. ते माणूस आता नाही, म्हणून मी सांगतो. चहा घ्या.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. हैदराबादच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकून, तेही उर्दूतून, मी कळंबला मास्तर झालो होतो. डोक्यात नवंकोरं शास्त्र, आणि ते ऐकायला माणूस सापडेना! अशात मामांनी मला जळकोटला मुलगी बघायला नेलं.

मुलीचे वडील ज्वारीचे व्यापारी. सगळे त्यांना अप्पा म्हणत. बैठकीतच पोत्यांची थप्पी. त्यांनी सहज विचारलं, "कालिजात काय शिकलाव, मास्तर?"

झालं! मी पोत्यातून ज्वारीचा एक दाणा उचलला.

"अप्पा, हा दाणा इथं आहे. पण याच्या पोटातले अगदी बारीक कण, उर्दूत ज्याला जर्रा म्हणतात, ते कुणी पाहीपर्यंत एका जागी नसतातच!"

"मग कुठं असत्यात?"

"इथंही, तिथंही. पाहिलं की ठरतं."

"म्हंजे म्या पाठ फिरवली की माझी जवारी कुठंबी? मग कोठाराला कुलूप कशाला लावतो म्या?"

मामांनी मला कोपर मारलं. मला वाटलं, शाबासकी!

"पोतं जागेवरच राहतं हो. कणाचं तसं नाही. बघणं हीच मोठी गोष्ट, अप्पा! न बघता एखादी वस्तू आहे, असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार?"

मी दाणा बोटांत नाचवत होतो, नजरही त्याच्यावरच. मध्ये कुणीतरी सुपारीचं ताट पुढं केलं. मी सुपारी घेतली. समोर कुणी बसलं, उठून गेलं. मामांचं कोपर चालूच.

अप्पांनी घसा खाकरला. "मग मास्तर, मुलगी पसंत?"

"कुठली मुलगी?"

तोंडातून निघून गेलं हो! मामांनी कपाळाला हात लावला. अप्पा ताडकन उठले.

"आमची पोर पाटावर बसून गेली, आन् तुमी जवारी बघत बसलाव? चला, उठा!"

मी चपला शोधू लागलो. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"अप्पा, थांबा की. त्यांनी बघितलं न्हाय, म्हंजे त्यांच्या शास्त्रानं मी आलेच नव्हते. मग अपमान कुणाचा झाला?"

अप्पा दाराकडं वळले.

"पण मी बघितलंय त्यांना. एका दाण्याकडं माणूस इतक्या जिवानं बघतो, तर मला चालंल."

अप्पा खदाखदा हसले. साखर वाटली! परीक्षेत पहिला आलो तेव्हाही माझी छाती इतकी फुगली नव्हती. विजयी वीरासारखा घरी आलो. आईनं विचारलं, "रंग कसा? नाक कसं?"

"आवाज चांगला आहे," मी म्हणालो.

पुढं वीस-बावीस वर्षं आल्यागेल्याला तीच हे सांगायची. वर म्हणायची, "यांचं शास्त्र खरंय. मी बघितलं तवा हे ठरले. तोवर नुसते पसरलेले होते."

गेल्या आषाढापासून पुन्हा तसाच झालोय. इथंही, तिथंही.

आणि हे बघा, तुमच्या चहात साखर घालायचीच राहिली!