उसापलीकडचा कॅमेरा

आत्याच्या घरातून तिचा गोठा दिसत नाही. मधे ऊस आहे, आणि तो ऊस तिचा नाही. वाटणीत मधली पट्टी तिच्या दिराकडे गेली, घर आणि गोठा तिच्याकडे राहिले. राहू गावात याचं कोणाला नवल वाटत नाही. पट्टीला वळसा घालून बांधाने जायचं, एवढंच.

आत्याचे यजमान गेल्यापासून ती मळ्यात एकटी राहते. उन्हाळ्यात बिबट्याने तिची शेळी नेली, तेव्हा बाबा शिरूरहून आले आणि त्यांनी गोठ्याच्या पत्र्याखाली कॅमेरा बसवून घेतला. राउटर घराच्या मागच्या खिडकीत होता. दोन्हींच्या मधे तेव्हा गुडघ्याएवढा ऊस होता. संध्याकाळी धारेला निघण्याआधी आत्याने फोनवर गोठा बघायचा, गाई स्वस्थ असतील तरच घराबाहेर पडायचं, असं ठरलं. बाबांनी एक अटही घातली. कॅमेरा बंद पडला तर दोन्ही गाई विकायच्या आणि आत्याने शिरूरला आमच्याकडे यायचं.

भाद्रपदात कॅमेरा बंद पडायला लागला.

आमच्या घरात इंटरनेटचं काही बिघडलं की मला पुढे करतात. मी शिकले अकाउंट्स, पण इंग्रजी शाळेत शिकले, आणि राउटरच्या पानावरचं सगळं इंग्रजीत असतं. माझं काम घरूनच चालतं, ते राहूहूनही चालेल, असं बाबांनी ठरवून टाकलं. महिनाअखेरपर्यंत बघ, नाहीतर मी टेम्पो घेऊनच येतो, म्हणाले. मी बरं म्हटलं. मला नाही म्हणायला वेळ लागतो, तोवर माणसं फोन ठेवतात.

पहिल्या संध्याकाळी आत्याने मला फोनवर उन्हाळ्यातली एक क्लिप दाखवली. काळ्यापांढऱ्या रंगात गाईंची पाण्याची टाकी दिसत होती. टाकीपाशी बिबट्या बसला होता, पाणी पिऊन झाल्यासारखा. मग त्याने मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके होते. क्लिप तिथेच संपत होती.

“इंग्लिश मिडियमला भ्या वाटलं व्हय?” आत्या म्हणाली.

मी नाही म्हटलं. त्यानंतर मी मागच्या खिडकीकडे पाठ करून बसायचं टाळलं.

बिघाड सरळ नव्हता. कॅमेरा पूर्ण बंद झाला असता तर बरं झालं असतं. तो अडकायचा. गोठ्याचं चित्र यायचं, त्यावर एक गोल फिरत राहायचा, आणि चित्रातली गाय मान वळवलेली तशीच राहायची. ते चित्र आत्ताचं आहे की मघाचं, हे कळायला काही मार्ग नव्हता. मला त्या गोलाची भीती वाटू लागली. रिकाम्या पडद्यापेक्षा अडकलेलं चित्र वाईट, कारण त्यात सगळं ठीक दिसतं.

मी जे करायचं ते सगळं केलं. राउटर बंद करून परत चालू केला. वाय-फायचा चॅनल बदलून पाहिला. कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला, तिथल्या मुलीने पुन्हा बंद करून चालू करायला सांगितलं. मग राउटरच्या पानावर नवं फर्मवेअर आलेलं दिसलं. फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आत चालणारा मूळ प्रोग्राम. तो नवा टाकताना वीज जाता कामा नये, असं लाल अक्षरांत लिहिलं होतं. मी सुरू केलं आणि अर्ध्यावर वीज गेली.

वीज आल्यावर राउटरचा एकच दिवा लाल लागला आणि तसाच राहिला. आता बाबा टेम्पो घेऊन येणार, असं मला वाटलं. मी टोकदार काहीतरी मागितलं, तर तिने पदराची सेफ्टी पिन काढून दिली. त्या पिनेने मी मागच्या बारीक भोकातलं बटण दाबून धरलं. राउटर कोरा होऊन परत उठला. दुसऱ्या दिवशी आत्याने शेजारच्या वस्तीवरून इन्व्हर्टर आणवला, आणि फर्मवेअर शेवटपर्यंत गेलं.

त्या दुपारी कॅमेरा लख्ख चालला. गाईच्या पाठीवरची माशीसुद्धा दिसत होती. मी बाबांना फोन करून सांगितलं. आत्याने चहात वेलदोडा घातला. शेजारी आत्याच्या दिराच्या उसात त्या दिवशी बायका पाचट काढत होत्या, खालची वाळलेली पानं ओरबाडून सरीत टाकत होत्या. त्यांची बडबड खिडकीतून ऐकू येत होती. ते आणि माझं काम एकाच दिवशी झालं, याकडे मी लक्ष दिलं नाही.

तीन-चार दिवसांनी पाऊस झाला आणि गोल परत फिरू लागला.

आता माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी दिवसभर ऑफिसच्या कामामधून राउटरचं पान उघडून बसायचे. आत्या संध्याकाळी काठी घ्यायची, बिबट्याने लांब राहावं म्हणून फोनवर मोठ्याने गाणी लावायची आणि बांधाने जायची. तू नको येऊस, म्हणायची. मीही जात नव्हते. इतक्या दिवसांत मी त्या बांधावर एकदाही पाय ठेवला नव्हता. मी सगळं खिडकीतून आणि पडद्यावरून केलं होतं.

मग एका संध्याकाळी चित्र अडकलं ते आत्यासकट. ती गाईपाशी उकिडवी बसलेली, चरवी पायांत धरलेली, हात आचळाला. वर गोल. मी वाट पाहिली. बांधावरून येणारी गाणी कधी थांबली ते मला कळलं नव्हतं. तिला फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. बाहेर अजून उजेड होता, पण उसाच्या बुडाशी नव्हता.

मी फोन हातात धरूनच निघाले. दाराशी चप्पल होती ती घालायची राहिली. बांध ओला होता. उजव्या हाताला ऊस माझ्या डोक्याच्या खूप वर गेलेला, आणि त्याच्या आतून सळसळ येत होती. वारा मला लागत नव्हता. मी उसाकडे पाहायचं नाही म्हणून फोनकडे पाहत चालले. वाय-फायच्या रेघा एकेक करून गेल्या.

गोठ्याशी पोहोचले तेव्हा आत्या त्याच जागी उकिडवी बसली होती. चरवी पायांत, हात आचळाला. अगदी चित्रातल्यासारखी. क्षणभर मला वाटलं, मी अजून पडद्याकडेच बघते आहे. मग तिने मान न हलवता डावा हात जरा वर केला. थांब.

मी थांबले. दोन्ही गाईंचे कान उसाकडे होते. त्या रवंथ करत नव्हत्या. आत्ता माझा फोन वाजला तर, असं माझ्या मनात आलं आणि मी तो पोटाशी धरला. उसात काही हललं नाही. काही आवाज आला नाही. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग जवळच्या गाईने नाकातून श्वास सोडला, मान खाली घातली आणि चघळायला लागली.

“गेलं,” आत्या म्हणाली आणि धार पुढे काढू लागली.

उसातली चाहूल ऐकू यावी म्हणून तिने फोनचा आवाज स्वतःच बंद केला होता. परत येताना मी तिच्या पुढे चालत होते. ऊस संपून घराचा कोपरा आला आणि रेघा एकदम परत आल्या. मी तिथेच उभी राहिले. मागे दोन पावलं गेले, रेघा गेल्या. पुढे आले, आल्या. उन्हाळ्यात गुडघ्याएवढा होता तो ऊस. पाचट काढल्यावर विरळ झाला, पावसाने ओला झाला. राउटरला कधी काही झालंच नव्हतं.

मी आत्याला सांगितलं.

“म्हंजी ह्यो ऊस त्यालाबी लपवतोय आन् आपल्याला आंधळंबी करतोय,” ती म्हणाली.

सकाळी तिचे दीर आले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कॅमेऱ्याच्या लहरी उसातून जात नाहीत, हे मी त्यांना कसंबसं समजावलं. ते ऐकताना हसत होते. ऊस तोडायला टोळी येईल तवा येईल, कारखान्याच्या हातात हाय ते, म्हणाले. मग आत्याने गाई विकायची अट सांगितली. ती त्यांना माहीत नव्हती.

“वहिनी, आधी बोलायचं न्हाई का?” आप्पा म्हणाले. “चाऱ्याला लागतोच की ऊस. दोन सऱ्या पाडतो. तुमच्या खिडकीपासनं थेट गोठ्यापातुर. बैलगाडी जाईल एवढी वाट करतो. मग तर झालं?”

दोन दिवसांत वाट पडली. गाईंनी तो ऊस खाल्ला. मागच्या खिडकीत उभं राहिलं की उसाच्या दोन भिंतींमधून गोठा सरळ दिसायचा, आणि फोनवरचं चित्र एकदाही अडकलं नाही. बाबांना मी कळवलं. ते शनिवारी येऊन स्वतः बघणार होते.

शुक्रवारी सकाळी कॅमेऱ्यात रात्रीची एक क्लिप आली होती. आधी गाय मान वर करते. मग काही वेळ काहीच नाही. मग तो खालच्या कोपऱ्यातून आत येतो, गाईंकडे पाहतसुद्धा नाही, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून नव्या वाटेने घराकडे चालू लागतो. सावकाश, वाट त्याच्यासाठीच केली असावी तसा. कॅमेऱ्याचा उजेड संपतो तिथे तोही संपतो.

मी मागच्या दाराने बाहेर गेले. आत्या माझ्या आधी तिथे होती. ठसे ओल्या मातीत गोठ्यापासून सरळ आले होते आणि राउटरच्या खिडकीखाली थांबले होते. तिथे माती जरा जास्त दाबलेली होती. मग ते उसात वळले होते.

मी तिला क्लिप दाखवली नाही. ती पायाने ठसे पुसू लागली, खिडकीपासून सुरुवात करून, एकेक.

“तुझा बाप उद्या येतोय,” ती म्हणाली. “त्याला एवढंच सांग, कॅमेरा चालतोय.”

“हो,” मी म्हटलं.

ती पुढे पुढे गेली. तिची पाठ लहान होत गेली, आणि ती गोठ्यापर्यंत पोहोचेस्तोवर मी खिडकीखाली उभी राहिले, मग उसात वळलेले ठसे मीही पुसायला लागले.