बसव्वा गवळणीचं लायसन

बसव्वाच्या घरात लायसन होतं, पण ते ज्याचं होतं त्याला दिसत नव्हतं. जिला दिसत होतं तिच्याकडं लायसन नव्हतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला येणारी माणसं हे एकमेकांना हसत सांगायची. बसव्वाही हसायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास म्हशीच्या आचळाखाली धरायची.

तिचा नवरा रुद्रय्या तीस वर्षं मोटरसायकलच्या मागं म्हशी घेऊन या कट्ट्यावर येत होता. कोल्हापूरच्या गवळ्याच्या म्हशी दाव्यानं ओढाव्या लागत नाहीत. त्या मालकाच्या गाडीचा आवाज ओळखतात. गाडी सुटली की मागोमाग चालू लागतात, आणि दिवाळीच्या पाडव्याला तर शिंगं रंगवून पळतातही. पण दोन वर्षांत साखरेच्या आजारानं रुद्रय्याची नजर नेली. आता त्याला उजेड कळायचा आणि माणसाची सावली कळायची, एवढंच. गल्लीत जागा उरली नाही म्हणून गोठा आधीच फुलेवाडीच्या पलीकडं गेला होता. तिथून कट्ट्यापर्यंत चालत यायला बसव्वाचे गुडघे तयार नव्हते. मग वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तीच गाडीवर बसली. गोठ्यामागच्या मोकळ्या रानात रुद्रय्यानं तिला क्लच कसा सोडायचा ते नुसतं ऐकून शिकवलं. गाडी रडली की तो म्हणायचा, "गिअर चुकला."

पुण्याला कंपनीत असलेला मुलगा श्रीशैल याला हे कळलं तेव्हा त्यानं फोन केला.

"अव्वा, बाबांना दिसत नाही, तुझ्याकडं लायसन नाही. उद्या रस्त्यात एखादा पोरगा म्हशीला धडकला तर कोण निस्तरणार? कागलच्या पाटलांना मी सांगून ठेवलंय. चारी म्हशी न्यायला ते तयार आहेत."

"मला इचारलंस?"

"विचारतोय की आता. महिनाअखेरपर्यंत लायसन काढलंस तर राहू देत म्हशी. नाहीतर ते येऊन घेऊन जातील. आणि तुम्ही दोघं पुण्याला चला."

त्याचं चुकत नव्हतं, हे बसव्वाला कळत होतं. म्हणून तिला रागही धड आला नाही. लर्निंग लायसन तिनं आधीच काढलेलं होतं. शेजारच्या संयोगितानं खुणांची चित्रं पाठ करून घेतली होती, आणि संगणकावरच्या परीक्षेत ती पास झाली होती. आता राहिली होती गाडी चालवून दाखवायची परीक्षा. ते तर ती रोजच करत होती. तिला वाटलं, त्यात काय.

परीक्षेच्या दिवशी ती संयोगितानं दिलेला पंजाबी ड्रेस घालून गेली. जन्मात पहिल्यांदा घातलेला. गाडी संयोगितानंच चालवत नेली, बसव्वा मागं बसली. मैदानात पांढऱ्या रंगानं आठाचा आकडा काढलेला होता. त्या रेषेवरून पाय न टेकता गाडी फिरवायची. रांगेत सगळी कॉलेजची पोरं, आणि मध्ये ही एक बाई. बसव्वाचा नंबर आला. गाडी सुरू केली, हळू सोडली. हळू चालवायला तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. पण पहिल्या वळणाला तिनं मान मागं वळवली. पुन्हा दोन हात पुढं गेली, पुन्हा वळवली. तिसऱ्यांदा मान वळवली तेव्हा पुढचं चाक रेषेबाहेर गेलं आणि पाय टेकला.

"मावशी, मागं काय बघताय? मागं कोणी नाही," परीक्षा घेणारे साहेब म्हणाले.

"सवय हाय, सायेब. म्हशी असत्यात मागनं."

रांगेतला एक पोरगा म्हणाला, "मावशी, हितं म्हशी न्हाईत, आमी हाय." सगळे हसले. साहेबही जरा हसले.

"मागून काय येतंय ते आरशात बघायचं," ते म्हणाले.

"आरशात म्हस दिसत्या, सायेब. पर ती दमलीया का ते दिसत न्हाय."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "आठ दिवसांनी परत या. मान सरळ ठेवून चालवायची सवय करा तोवर."

घरी येताना तिनं दिवस मोजले. महिना संपायला अकरा दिवस होते. रुद्रय्यानं विचारलं तेव्हा तिनं जे घडलं ते सांगितलं. पोरं हसली तेही सांगितलं. तिला वाटलं, आता हा म्हणणार, दे सोडून, पाटलांना येऊ दे. तो म्हणाला, "उद्यापासनं मी मागं बसतो. मागचं मी बघतो. तू फुडं बघ."

"तुमी बघनार?"

"कान हाईत की."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मागच्या सीटवर बसला. गाडी रंकाळ्याच्या बाजूला लागली तसं तो बोलू लागला. "चारी हाईत. रंभा कडंला गेली, आली बघ परत. चंद्री मागचा डावा पाय घासतीया, हळू घे." बसव्वाचा विश्वास बसला नाही. तिनं मान वळवून बघितलं. चंद्री खरंच डावा पाय घासत होती. पुढच्या चौकात तिनं पुन्हा बघितलं, तेव्हाही तो म्हणाला तसंच होतं. कट्ट्यावर पोचेपर्यंत तिनं चार वेळा मागं बघितलं. दुसऱ्या दिवशी दोनदा, आणि नंतर नंतर फक्त सिग्नलला. पोलिसानं एकदा अडवलं, तेव्हा रुद्रय्यानं खिशातून आपलं लायसन काढून दाखवलं. शिकाऊ माणसाबरोबर लायसनवाला पाहिजे, तो होता. पोलिसानं त्याच्या डोळ्यांकडं बघितलं, म्हशींकडं बघितलं, आणि "जावा पावणं" म्हणून हात केला.

आठव्या दिवशी ती पुन्हा मैदानात उभी राहिली. रुद्रय्याही रिक्षानं आला होता. भिंतीच्या सावलीत काठी टेकून उभा होता. पण मैदानात त्याला मागं बसवून चालणार नव्हतं. गाडीवर ती एकटी होती.

गाडी सुटली आणि पहिल्या वळणाला तिची मान आपोआप वळू लागली. तिनं ती धरून ठेवली. खरी भीती तेव्हा वाटली. मागं काहीच नव्हतं. ना खुरांचा आवाज, ना कुणाचं "हळू घे". तिच्या ध्यानात आलं, अशी ती कधी गेलीच नव्हती. नेसरीला माहेरी विहिरीवर जाताना मागून दोन धाकट्या बहिणी यायच्या. लग्न होऊन आली तर बाजाराला जाताना मागून सासू, मग पदराला धरलेला श्रीशैल, मग म्हशी. कोणीतरी मागं राहिलं नाही ना, हे बघण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. मागं कोणीच नसताना पुढं कसं जायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण आता सांगायला कुणी नव्हतं, आणि रेष तर समोर होती. तिनं रेषेकडं बघितलं. दुसरं वळण आलं, ते घेतलं. गाडी जिथून सुटली होती तिथं येऊन थांबली. पाय तिनं थांबल्यावरच टेकला.

"झालं मावशी," साहेब म्हणाले.

"परत कवा येऊ?"

"परत कशाला? पास झालात. कार्ड पोस्टानं घरी येईल."

तिनं भिंतीकडं जाऊन रुद्रय्याला सांगितलं. तो म्हणाला, "आवाजावरनं कळलं मला. कुटं रडली न्हाई गाडी."

श्रीशैलला तिनंच फोन लावला. त्यानं पास झाल्याचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. मी पाटलांना नको म्हणून कळवतो." आणि जरा थांबून, "अव्वा, हेल्मेट घालत जा." म्हशी राहिल्या. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. तरी फोन ठेवल्यावर बसव्वा गोठ्यात गेली आणि चारी म्हशींच्या पाठीवरून एकदा हात फिरवून आली.

कार्ड आठवड्याभरानं आलं. त्यावरचा फोटो तिला आवडला नाही. त्या संध्याकाळी कट्ट्यावर जायची वेळ झाली तरी रुद्रय्या गोठ्याच्या दारातल्या दगडावरून उठला नाही.

"उठा की," बसव्वा म्हणाली.

"आता मला कशाला नेतीस? तुजं तुला लायसन झालं. पोलिसानं अडवलं तर तुजं दाव."

ते खरंच होतं. आता त्याच्यावाचून तिचं अडत नव्हतं. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं धुतलेला शर्ट घातला होता, केस पाणी लावून विंचरले होते. केव्हाचा तयार होऊन बसला होता.

"चंद्रीचा पाय अजून बरा न्हाय," ती म्हणाली. "कसा पडतोय ते मला फुडनं कळत न्हाय. बसा."

रुद्रय्या उठला. हात पुढं करून त्यानं सीट चाचपली आणि मागं बसला. बसव्वानं किक मारली तशा म्हशींनी माना वर केल्या.