पाय शुद्ध आहेत

समोर माणूस आला की काका आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चेहऱ्यापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागायचा, आणि पाय पसंत पडले नाहीत तर ते चेहऱ्यापर्यंत जातच नसत.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. वटार गावात त्यांची वाडी होती, थोडी केळी आणि बाकी पानवेली. त्या भागातल्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून नव्या इमारतींकडे न्यायचे, आणि त्याविरुद्ध आम्ही समिती काढली होती. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी स्वतः तुळिंजला नव्या इमारतीत राहायचो आणि आमच्या टाकीत टँकरचंच पाणी पडायचं, हे मी पत्रकात कधी लिहिलं नाही, ते इथे लिहून टाकतो. काकांनी पत्रक घेतलं, न वाचता घडी करून खिशात ठेवलं, माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढी चळवळ करतोस आणि पाय घासत चालतोस?"

मला राग आला. त्या वयात मला रोजच राग यायचा, पण हा राग घरी गेल्यावरही टिकला. दुसऱ्या दिवशी मी पाय उचलून चालतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तर जास्तच आला.

गावात त्यांना बालेकाका म्हणत. बाले हे त्यांचं आडनाव असावं असं बऱ्याच जणांना वाटायचं. ते आडनाव नव्हतं, तो बॅले होता. काकांनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईतल्या एका नाट्यगृहात दारावर काढली होती. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात माणसाला खुर्चीपर्यंत न्यायचं आणि पडदा उघडला की दार लावून आतल्या बाजूला उभं राहायचं. रशियाहून आलेले बॅले, बंगालकडून आलेले, दादर-गिरगावात बसवलेले, सगळे त्यांनी दाराला पाठ लावून उभ्यानं पाहिले. पुढे पेन्शनीत गेल्यावरही हा माणूस कुठल्या कार्यक्रमात खुर्चीवर बसला नाही. बसून बघितलं की आपलेच पाय झोपतात, मग दुसऱ्याचे काय कळणार, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची मतं ऐकायला मी वाडीवर जाऊ लागलो. खरं तर मी समितीसाठी विहिरींची माहिती घ्यायला जायचो, पण माहिती दहा मिनिटांत संपायची. मग काका पानं खुडता खुडता सुरू व्हायचे. परदेशी ताफ्यातली सगळ्यात देखणी बाई दुसऱ्या रांगेत उभी असायची आणि मध्ये नाचायची ती मोठ्या नाकाची, हाडकुळी. हे सांगताना त्यांना अजून आनंद व्हायचा. "याला म्हणतात निवड," ते म्हणायचे. आपल्याकडच्या एका बॅलेचे मालक स्वतःच देवाची भूमिका घ्यायचे, का तर पडदे त्यांच्या पैशाचे. "विंगेतून आधी पोट यायचं," काका म्हणाले. "देव मागाहून."

प्रेक्षकांवर तर त्यांचा दातच होता. वेफर्सच्या पिशव्या चुरचुरवणारे, बायकोला गोष्ट समजावून सांगणारे, शेवट व्हायच्या आधीच चपला शोधायला लागणारे. बोलणाऱ्याच्या तोंडावर ते बॅटरी मारत नसत, पायांवर मारत. माणूस पाय आखडून घेतो आणि गप्प होतो म्हणे. एकदा एक साहेब उशिरा आले आणि मी कोण आहे ठाऊक आहे का म्हणून दारातच तडतडले. काकांनी सांगितलं, "असाल मोठे. पण आत अंधार आहे, कुणाला दिसणार?" आणि प्रवेश बदलेपर्यंत त्यांना बाहेर ठेवलं.

तुम्ही म्हणाल हौशी म्हातारा होता. मीही तेच म्हणत होतो. पण शेजारच्या ख्रिस्ती गावात एका लग्नात बँड वाजत होता, तरुण पोरं कपाळावर केस पाडून नाचत होती, आणि काका भिंतीला टेकून लाल लुगड्यातल्या एका म्हातारीकडे बघत होते. ती जागच्या जागी, दोन विटांएवढ्या जागेत नाचत होती. काकांनी मला कोपरानं ढोसलं. बाकी सगळी गर्दी आहे, नाचतेय ती एकटीच, असं ते म्हणाले. मी बघितलं, आणि ते खरं होतं. एकदा दिसल्यावर ते दिसायचं थांबेना.

मग आमच्या समितीनं बॅले बसवायचं ठरवलं. पत्रकं कुणी वाचत नव्हतं, हे कारण मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. विषय अर्थात पाणी. विहिरीत पाणी आहे, टँकरवाला येतो, पाणी ओढलं जातं, शेवटी लोक जागे होतात आणि पाणी परत येतं. मधली मुलगी म्हणजे पाणी, बाकीच्या थेंब. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांच्या ओळखीनं शाळेचा हॉल मिळाला. दार सांभाळायला काकांना बोलावलं.

थेंब कमी पडत होते म्हणून मिठागराकडच्या गावातल्या दोन-तीन मुली घेतल्या. त्यातली एक लीला. सतरा-अठरा वर्षांची, मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन ओल्या, निसरड्या बांधावरून चालणारी. तालमीच्या तिसऱ्या दिवशी ढोलकीवाला लय चुकला, सगळे थेंब एकमेकांवर आदळले आणि लीला एकटी, जणू काही झालंच नाही अशी, पुढची पावलं टाकत गेली. काका दारातून म्हणाले, "पाणी सापडलं." एवढंच म्हणाले आणि पुन्हा दाराला टेकले. आम्हा सगळ्यांनाच ते पटलं.

आणि इथे मी घाण केली.

मी पत्रकवाला. मुद्दा शब्दांत सांगितल्याशिवाय लोकांना कळतो यावर माझा विश्वासच नव्हता. मी सुरुवातीला एक वाक्य घातलं. पाण्यानं पुढे यायचं, हात वर करायचा आणि म्हणायचं, 'मी पाणी आहे. मला विकू नका.' लीला पुढे आली, हात वर केला आणि म्हणाली, "मी पानी हाय. माना इकू नका."

सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, पण हेडमास्तरांनी ते उचललं. ज्या मुलीला पाणी म्हणता येत नाही ती पाणी कशी होणार, असं त्यांनी लीलासमोरच विचारलं. शुद्ध उच्चार ही चळवळीची पहिली पायरी आहे, असंही म्हणाले. मधली भूमिका त्यांच्या पुतणीला द्यायचं ठरलं. पुतणीचा 'ण' खणखणीत होता. हात वर करून मत द्यायची वेळ आली तेव्हा मीही हात वर केला. समतेवर चार पत्रकं लिहिलेला माझा उजवा हात. मला वाटलं वाक्य टिकलं पाहिजे.

काका दारातच उभे होते.

"बॅलेत बोलतंय कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काका, एक वाक्य आहे, पण तोच तर मुद्दा आहे.

"मग पत्रक काढ. नाचवतोस कशाला?"

हेडमास्तर त्यांना म्हणाले, तुम्ही दाराचं बघा. काका म्हणाले, बघतोच आहे, आणि दाराबाहेर गेले. लीला त्यांच्या आधीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी वटारला गेलो. रात्रभर विचार करून मी फार जहाल तोडगा काढला होता. लीलानं 'पानी'च म्हणायचं, मुद्दाम म्हणायचं. कष्टकऱ्यांची भाषा रंगमंचावर, शुद्धवाल्यांच्या तोंडावर. मी हे सांगत होतो तेव्हा काका वेलीची वाळकी पानं काढत होते. माझं संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी सरळ चेहऱ्याकडे.

"लोक टाळ्या वाजवतील. कशाला? तिच्या 'पानी'ला," ते म्हणाले. "मिठागरावरची पोर बोलली म्हणून. आणि तुला, तू तिला बोलतं केलंस म्हणून. ती नाचते ते कोण बघणार?"

मी म्हटलं, म्हणजे तिनं आपली बोली लपवायची?

"घरी बोलते ना ती? बाजारात बोलते ना? तिथे लपवते का? इथे तिला बोलायचंच नाही. इथे तिचे पाय बोलतात, आणि पाय शुद्ध आहेत. त्या मास्तरापेक्षा शुद्ध आहेत. तुला तिचं तोंड का हवंय सारखं?"

तिसऱ्या दिवशी तालमीला गेलो आणि सगळ्यांसमोर वहीतलं वाक्य खोडलं. उच्चाराचा प्रश्न मिटला, आता लीलाला परत मध्ये घ्या, असं मी म्हटलं.

तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. हेडमास्तर म्हणाले, प्रश्न उच्चाराचा नव्हताच. मिठागरावरची मुलगी मध्ये नाचणार आणि आपल्या घरच्या मुली तिच्या भोवती फिरणार, हे पालकांना कसं सांगायचं. इतकं स्वच्छ मराठी मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. आणि मजा बघा, पुतणीच मध्ये बोलली. "काका, मला थेंबच करा ना," ती चुलत्याला म्हणाली. "मध्ये उभं राहिलं की मी सारखी आईकडेच बघते. ते दारावरचे काकापण तसंच म्हणतात."

पुतणीला घरी नेण्यात आलं. शाळेच्या हॉलची किल्लीही तिच्यासोबत गेली. समितीतले निम्मे लोक हेडमास्तरांबरोबर गेले, निम्मे राहिले. बोलायला जोरदार लोक त्यांच्याकडे गेले आणि सतरंज्या उचलणारे आमच्याकडे राहिले, हे नंतर फार बरं झालं.

बॅले आम्ही लीलाच्या गावात केला, मिठागराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत, दिवस मावळताना. काकांची पंचाईत एवढीच झाली की दार नव्हतं. त्यांनी दोन बांबू रोवले, मध्ये सुंभ बांधला आणि त्याला पाठ लावून उभे राहिले. चारी बाजू उघड्या होत्या, कुणीही कुठूनही येऊ शकत होतं. तरी लोक त्या सुंभाखालूनच वाकून येत होते.

अर्ध्यावर हेडमास्तर आले. का आले मला ठाऊक नाही. फसलेलं बघायला आले असतील, किंवा राहवलं नसेल. ते सुंभाला हात घालणार तेवढ्यात काकांनी मान न वळवता सांगितलं, "थांबा. आत पाणी चाललंय." आणि हेडमास्तर थांबले. बाजूनं दोन पावलं टाकली असती तर आत आले असते. टाकली नाहीत.

त्याच वेळी लीला विहिरीतून वर येत होती. म्हणजे नुसती जमिनीवरून उठत होती, अंगावर साधी निळी साडी, मागे पडदासुद्धा नव्हता. वाक्य नव्हतं, फलक नव्हता. पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "पानी आला गो."

खेळ चालू असताना कुणी बोललं की काय होतं ते मला ठाऊक होतं. मी काकांकडे बघितलं. बॅटरी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती लावली नाही.

टँकर त्यानंतरही चालूच राहिले, खोटं कशाला सांगू. पण लीला थांबली नाही. काकांच्या अंगणात ती तालमी घेऊ लागली, मिठागराच्या आणि वाड्यांच्या मुली एकत्र. पुढच्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घरच्यांनी त्यांना ओटीवर खुर्चीत बसवलं, म्हणून हा माणूस शेवटी बसून नाच बघायला लागला. ते गेले श्रावणात. हेडमास्तरांनी शोकसभेत त्यांना शिस्तप्रिय नागरिक म्हटलं. लीलाचं नाव कुणी घेतलं नाही, मला बोलू दिलं नाही, म्हणून हे लिहिलं आहे.

ते जाण्याआधी मी एकदा गेलो होतो. अंगणात नवा बॅले बसत होता. मध्ये लीलाची धाकटी बहीण होती, लीलाच्याच निळ्या साडीत, दिसायला छान. काकांचा डावा हात वर झाला. बहिणीकडे बोट करून त्यांनी ते आडवं हलवलं. मग शेवटच्या रांगेतल्या, केसांना तेल चोपडलेल्या एका किरकोळ मुलीकडे केलं.

लीलाला कळलं. तिनं न कळल्यासारखं केलं आणि ताल धरला. हात वरच राहिला.

"काका, बहीन हाय ती माझी," लीला म्हणाली. "घरी आयला काय सांगू?"

हात खाली येत नव्हता. लीला ओटीपाशी आली, त्यांच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी तिथे होतो आणि मी एक शब्द बोललो नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. तिनं रागानं ओठ आवळले. मग मागे वळली आणि शेवटच्या रांगेकडे बघून ओरडली, "ए, तू. पुढं ये."