दिघीतली दुसरी शैला ठाकूर

मी शैला ठाकूर, वय सत्तेचाळीस. काशीदला आमच्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. चादरी, गॅस, पाहुण्यांच्या नोंदी, सगळं माझ्या वहीत असतं. देवाला हात जोडते, पण करणी, बाधा, अंगात येणं असलं कोणी सांगायला लागलं की मी उठून भांडी घासायला जाते. त्यामुळे हे लिहायला मला वर्ष लागलं... घडलं तसं, क्रमाने सांगते.

मागच्या वर्षी पावसाळा नुकताच संपला होता. मंगळवार, दुपारचा दीड. मी ओट्यापाशी सोलकढी गाळत होते, घरात दुसरं कोणी नव्हतं. आणि कानफटात बसली. बसल्यासारखं वाटलं वगैरे नाही — खाडकन बसली. मी ओट्यावर आदळले, पातेलं उलटलं, कानात शिट्टी वाजायला लागली. आरशात पाहिलं तर डाव्या गालावर चार बोटं उमटलेली.

हे आले आणि दारातच थांबले. "कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"मग गालावर काय आहे?"

"ते मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

आठ दिवसांनी पाठीत गुद्दा. मग कपडे वाळत घालताना कोणीतरी केस धरून मागे खेचलं, मी दगडी पायरीवर पडले. मग पोटात लाथ. तेव्हापासून मी नोंद ठेवायला लागले — तारीख, वेळ, कुठे लागलं, कशाने लागल्यासारखं वाटलं. दोन महिन्यांत अकरा वेळा, आणि दर वेळी दुपारी एक ते तीनच्या मधेच. यातून मी काहीच निष्कर्ष काढला नाही. काय काढणार?

गावाने मात्र काढला. शेजारच्या हिराबाई एक दिवस कुंपणापाशी येऊन यांना म्हणाल्या, "परकासदादा, या वयात बायकोवर हात टाकतोस? लाज न्हाय वाटत?" हे त्या दिवशी जेवले नाहीत. मुरुडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, डाव्या दोन बरगड्यांना तडे होते. त्यांनी यांना बाहेर बसवलं आणि मला हळूच विचारलं, "ताई, घरात काही त्रास आहे का? खरं सांगा."

"डॉक्टर, हे त्या वेळी अलिबागला होते."

डॉक्टरांनी मान हलवली. अशा बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या असणार.

त्याच सुमारास आम्हाला चौथी खोली बांधायची होती. बँकेतल्या मुलीने संगणकात पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. "मॅडम, तुमची आधीची दोन कर्जं थकलीत."

"मी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही."

"मग आधी तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढून नीट वाचा. वर्षातून एकदा फुकट मिळतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंट काढून लाल पेन घेऊन बसले. नाव माझं, पॅन माझा, जन्मतारीख माझी. मोबाइल नंबर माझा नाही. पत्ता दिघीचा. दोन्ही कर्जं माझी नाहीत. शेवटच्या पानावर, माझ्या नावाने कोणी कर्ज मागितलं म्हणून कंपन्यांनी माझी माहिती कधी कधी तपासली, त्या तारखा होत्या. पाच. त्यातली पहिली वाचली आणि मला सोलकढी आठवली. उठून वही आणली.

पाचही तारखा जुळल्या.

यांनी दोन्ही कागद वाचले, परत वाचले. "शैला, हे मला समजत नाही."

"मलाही नाही. आधी कामाचं करू."

क्रेडिट रिपोर्टवाल्यांच्या साइटवर त्याच दिवशी हरकत नोंदवली. दोन्ही कंपन्यांना लिहिलं, हे कर्ज माझं नाही, अर्जाची प्रत पाठवा. सायबरची ऑनलाइन तक्रार केली. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आणि शिक्क्याची पोच घेतली. एवढं झाल्यावर विचार करायला बसले, की माझे कागद दिघीला गेले कसे?

फार विचार करावा लागला नाही. वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी मी दिघीला जात होते, माझं माहेर तिकडचं. जेट्टीजवळ मंगेशचं ऑनलाइन सेंटर. गोड बोलायचा. म्हणाला, "ताई, काशीदवरून किती फेऱ्या मारणार? आधार-पॅनच्या दहा झेरॉक्सवर सह्या करून ठेवा, लागतील तशा मी लावतो." तिकडे सगळेच असं करतात, त्याचा खण अशा कागदांनी भरलेला होता. मला तर ही व्यवस्था फार आवडली, फेऱ्या वाचल्या! लोणच्याच्या बरणीवरही तारीख लिहिणारी बाई मी. त्या झेरॉक्सवर ना तारीख घातली, ना कशासाठी दिली ते लिहिलं.

चौथ्या दिवशी एका कंपनीने अर्जाची प्रत ईमेलवर पाठवली. नाव माझं, सही माझ्यासारखी. फोटो मात्र दुसऱ्याच बाईचा. असेल तिशीची, हडकुळी. डावा डोळा सुजून जवळजवळ मिटलेला. अर्जावरची तारीख मी वहीत शोधली. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं — डावा डोळा, ठोसा.

यांनी फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "हिला कोणीतरी मारतंय गं... आणि लागतंय तुला."

पोलिसांना फोन केला. "सोमवारी माणूस पाठवतो," म्हणाले. तेवढ्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. आवाजात उत्साह. "मॅडम, तुमच्या तक्रारीबद्दल आम्ही आजच अर्जावरच्या मोबाइलवर कळवलंय."

"अहो, तो नंबर त्याचाच आहे ना!"

मी फोन ठेवला, आम्ही गाडी काढली आणि दिघीच्या फेरीबोटीसाठी आगरदांडा गाठला.

फेरी खाडीच्या मध्यावर असताना माझा गळा आवळला गेला. दोन हात. अंगठे पुढून, बोटं मागून. मला ओरडताही येईना, मी कठड्याखाली कोसळले. कोणी म्हणालं, फीट आली, चप्पल हुंगवा. हे वाकून बघत होते. त्यांनी नंतर सांगितलं की माझ्या गळ्यावर दोन खड्डे पडत होते, कातडी आत जात होती आणि तिथे अंगठे नव्हते. मग एकदम सुटलं. मी हवा ओढली, ओकले, आणि पहिलं वाक्य बोलले ते हे — "ती मरतेय. माझ्या तक्रारीमुळे मरतेय."

सेंटरचं शटर खाली होतं. त्यावर पाटी — दुपारी १ ते ३ बंद. जेवायला घरी जात असणार. रिपोर्टवरचा पत्ता मागच्याच गल्लीतला निघाला. दार आतून लावलेलं, आणि आतून मंगेशचा आवाज.

"कोणी विचारलं तर काय सांगशील? नाव सांग! नाव काय तुझं?"

धप्प. तो गुद्दा माझ्या बरगडीत बसला, मी पायरीवर दुमडले.

"नाव काय?"

धप्प. माझ्या तोंडात रक्त आलं.

यांनी खांद्याने धडका दिल्या, तिसऱ्या धडकेला कडी तुटली. मंगेश त्या फोटोतल्या बाईच्या छातीवर बसला होता. यांनी त्याला मागे ओढलं, तर त्याने यांचंच डोकं भिंतीवर आपटलं. मी आत गेले. कोपऱ्यात पाट्यावर वरवंटा होता. तो दोन्ही हातांनी उचलला आणि मंगेशच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो वळला, म्हणून दुसरा घातला, गुडघ्यावर. तो खाली पडला. खोटं कशाला सांगू, तिसऱ्याची गरज नव्हती. तरी घातला.

त्यातला एकही मला लागला नाही.

शेजारची म्हातारी खाला दारात उभी होती. "या अल्ला... सारखा आवाज यायचा हो. आम्हांला वाटलं, मियाँबीवीचं हाय."

"सारखा यायचा ना? मग एक दिवस तरी दार वाजवायचं होतं!" मी ओरडले. तिने पदर तोंडाला लावला.

मी त्या बाईला पाणी पाजलं. विचारलं, "नाव काय गं तुझं?"

माझ्याकडे न बघता, शाळेत पाठ म्हणतात तसं ती म्हणाली, "शैला प्रकाश ठाकूर." पुढे माझी जन्मतारीख, माझ्या आईचं नाव. मग दोन्ही हात डोक्यावर घेऊन, "बरोबर सांगितलं ना? आता मारू नका."

ती त्याची बायको. अर्ज करायच्या आधी आणि नंतरही, दुपारी जेवायला आला की तो तिच्याकडून हे घोकून घ्यायचा. चुकून स्वतःचं नाव तोंडात आलं की मार.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "फोटो हिचा आहे, अर्ज करायला हीच बसली होती. हिच्यावरपण गुन्हा लागेल."

"साहेब, कागद माझे, फोटो हिचा, आणि मार दोघींनी खाल्लाय. तसं लिहा."

त्यांनी माझा गळा पाहिला, मग तिचा. बोटांचे वळ सारखेच होते, एकाच जागी. त्यांनी नवा कागद घेतला, तिला साक्षीदार म्हणून बसवलं आणि विचारलं, "हं. नाव?"

तिने दोन्ही हात तोंडापुढे धरले. मीही धरले होते, हे मला यांनी कोपराने ढोसल्यावर कळलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. वर पंखा करकरत होता.

"रेश्मा," ती म्हणाली.

काही झालं नाही. कोणालाच काही लागलं नाही.

"रेश्मा," तिने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने.

आता ती म्हसळ्याला भावाकडे असते. मंगेशवर केस चालू आहे. दोन्ही कर्जं माझ्या रिपोर्टवरून निघाली, आणि झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. तुम्हीही करू नका. डॉक्टरांनी आम्हा दोघींचे एक्स-रे शेजारी शेजारी लावून पाहिले, त्याच दोन बरगड्या, त्याच जागी तडे. त्यांनी दिवा बंद केला आणि यांची माफी मागितली.

रेश्मा कधीकधी फोनवर विचारते, "ताई, पण तुम्हाला का लागायचं?"

मी सांगते, माहीत नाही गं. खरंच नाही.