बसच्या खिडकीतला हात

बसची मागची काच फुटली तेव्हा मी अजून खाली पाट्याशीच होते, ओलं खोबरं वाटून होत आलं होतं. काचेचा चुरा थेट पाट्यावर पडला. पहिला विचार आला तो वाटप वाया गेल्याचा. माणसाचं डोकं कसं चालतं बघा.

बस आमचीच. हे मरोळच्या एका कारखान्यात कामगारांची बस चालवायचे. रिटायर झाले त्याच वर्षी ती छोटी बस भंगारात निघाली आणि यांनी ती घरी आणली. मी शाळेच्या कचेरीतून आधीच मोकळी झाले होते. आम्ही दोघांनी सीटा उपटल्या, झोपायला दोन बाकं ठोकली, शेगडी बसवली, पाण्याचं पिंप साखळीने बांधलं. दिवाळी झाली की वाकोल्याच्या घराला कुलूप लावायचं आणि शिमग्यापर्यंत बसमध्ये राहायचं. थंडीत उपनगरांतल्या मैदानांवर मालवणी जत्रा भरतात. बोरिवलीची संपली की मुलुंड, मग घाटकोपर. आम्ही कोंबडी-वड्यांचा स्टॉल लावायचो. मुलगा फोनवर ओरडायचा, "या वयात फिरस्त्यांसारखं काय राहता?" हे म्हणायचे, "मजा येते रे." खरंच यायची.

त्या वर्षी बोरिवलीला आमच्या शेजारी एका कोळीणताईचा स्टॉल होता. वयाने माझ्याएवढीच. कुरकुरीत बोंबील तळायची आणि गिऱ्हाइकाला शिव्या घालत वाढायची. एका संध्याकाळी तिची मुलगी आली. डावा तळवा पूर्ण सोललेला. नवऱ्याने तापल्या तव्यावर दाबून धरला होता. भाकरी करपली म्हणून.

"कोळीवाड्यात नेली तर तो पयला थंयच येईल," ताई म्हणाली.

आमचं घर रिकामंच होतं. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी खिशातून किल्ली काढून दिली. मुलगी त्याच रात्री वाकोल्याला गेली.

मुलुंडच्या मैदानावर तिचा नवरा आला, भर दुपारी. जत्रा उघडायला वेळ होता, सगळे आपापल्या तयारीत होते. मंडपवाल्यांची लोखंडी पहार त्याने येता येताच उचलली होती. आधी ताईचा स्टॉल फोडला. तेलाची कढई लाथेने उडवली. ताई धावत आमच्या बसमध्ये चढली. यांनी दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली. तेवढ्यात मागची काच गेली.

"कुठं लपवलीस तिला? बोल म्हातारे!"

पुढची काच. मग बाजूची. तो बसभोवती फिरत एकेक काच फोडत होता आणि आम्ही तिघं म्हातारी आत मध्यभागी एकमेकांना धरून उभी होतो. बाहेर माणसं जमली होती. मोबाईल वर झालेले मला दिसत होते. पुढे कोणी येत नव्हतं. एका काचेचा तुकडा यांच्या कपाळात घुसला आणि रक्ताने डोळा बंद झाला.

"अहो, बसा खाली!" मी ओरडले.

हे बसले नाहीत. चाचपडत ड्रायव्हरच्या सीटकडे निघाले.

तेवढ्यात त्याने पहार टाकली आणि बाजूच्या खिडकीतून त्याचा हात आत आला. फुटक्या काचेने दंड चिरला जात होता, तरी त्याने आणखी आत घातला आणि ताईचा अंबाडा धरला. खेचलं. तिचं डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. ती ओरडली नाही, नुसतं "नाय सांगत, नाय सांगत" म्हणत राहिली.

मी वरवंटा उचलला. खिडकीच्या पत्र्याच्या कडेवर त्याचा दुसरा पंजा रोवलेला होता. त्याच्यावर मी दोन्ही हातांनी वरवंटा घातला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो गुरासारखा ओरडला, पण अंबाडा सोडेना. म्हणून मी पुन्हा घातला. मग त्याने सोडला. तो खाली कोसळला, तरी मी खिडकीतून वाकून तिसऱ्यांदा मारायला बघत होते. ताईने मागून माझी कंबर धरली नसती तर त्याचं डोकंच फुटलं असतं.

इंजिन सुरू झालं. चाळीस वर्षांत यांनी कधी सिग्नल मोडला नव्हता. त्या दिवशी एका डोळ्याने, ताडपत्री आणि बांबू मागे फरफटत, उलट्या दिशेने गाडी काढली ती पोलीस ठाण्याच्या फाटकातच उभी केली. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून हे रडले.

आतले साहेब म्हणाले, "घरगुती मामला आहे. मिटवा ना आपसात."

ताईने केस बाजूला करून त्यांना डोकं दाखवलं. मी म्हणाले, "साहेब, बाहेर बस उभी आहे. एक काच शाबूत असेल तर दाखवा, लगेच जातो."

ते बाहेर जाऊन आले. तक्रार घेतली. संध्याकाळी त्यानेही इस्पितळातून माझ्यावर तक्रार केली. तीन बोटं मोडली होती.

जत्रेच्या आयोजकांनी आम्हाला मैदानावर परत घेतलं नाही. "फॅमिली पब्लिक येतं, काकू. समजून घ्या." काय समजायचं ते समजलो. मरोळला यांच्या जुन्या कारखान्यामागच्या गल्लीत बस लावली, खिडक्यांना प्लायवूड ठोकलं. यांच्या कपाळाला टाके होते. शेजारी कुठे भांडं पडलं तरी हे उठून बसायचे. "विकून टाकू या," म्हणाले. मी नाही म्हटलं. माझं वेगळंच चाललं होतं. तो तिसरा घाव राहून गेला होता आणि हाताला तो हवा होता. सदुसष्टाव्या वर्षी मला हे स्वतःबद्दल पहिल्यांदाच कळत होतं.

ताई बांगडे घेऊन भेटायला आली. म्हणाली, "बोटां मोडलीस, बाय. मान कित्याक नाय मोडलीस?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की यांना वाटलं, आम्हाला वेड लागलं.

ताईच्या मुलीला कळलं तेव्हा मात्र ती रडली. कोणाला न सांगता इस्पितळात त्याला बघायला गेली. आम्ही धास्तावून बसलो. ताई तर म्हणाली, "गेली. आता परत जाईल त्याच्याच घरात." पण अंधार पडायच्या आत ती वाकोल्याला परतली.

"झोपला होता," ती मला म्हणाली. "काकू, इतका वेळ न घाबरता मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. लहानखुरा आहे हो तो."

घाटकोपरच्या मैदानावर जागा मिळाली. मुलगी आमच्याच स्टॉलवर आली. डाव्या हाताची मूठ नीट वळत नव्हती, तरी वडे थापायची.

दोन्ही केसेस अजून चालू आहेत. परवाच्या तारखेला तो कोर्टाच्या जिन्यावर समोर आला. हे थांबले, माझा हात घट्ट धरला. मी थांबले नाही. त्याने भिंतीला अंग चिकटवून आम्हाला वाट दिली.