चढ टेंपोचा, उतार आमचा

आमच्या पनवेलच्या ग्रुपमध्ये सायकली सात आणि किस्से सत्तर. चहाला बसलो की एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो, आणि बहुतेकांत दिलीपच असतो.

सायकलिंगचं खूळ त्याचंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तीन महिन्यांत शुगर उतरली नाही तर इन्सुलिन!" दिलीप सुईला इतका घाबरतो की रक्त तपासायलाही बायकोचा हात धरून बसतो. दुसऱ्याच दिवशी त्याने गियरची सायकल, हेल्मेट, गॉगल, सगळं आणलं.

*

खारघरच्या डोंगराचा चढ बघून मात्र तो म्हणाला, "गुडघ्यांचं काय?"

तेव्हापासून नारायणमामांचा टेंपो! आठवड्यातून तीनदा टेंपोतून वर, सायकलीवरून खाली. उतार म्हणजे स्वर्ग हो! दोन्हीकडे दाट झाडी, तोंडावर गार वारा, आणि एका वळणावर एकदम खाली शहराचे टॉवर. पायडल मारायची गरजच नाही. आम्ही मारतही नाही.

*

वरच्या पाड्यातली एक बाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन रोज चालत खाली येते. एकदा तिने विचारलं, "तुमी नेमी खालीच जाताना दिसता. वर कवा येता?"

दिलीप म्हणाला, "तुम्ही बाजारात असता तेव्हा!"

*

एकदा टेंपो अर्ध्या चढावर बंद पडला.

नारायणमामा म्हणाले, "अर्धंच रायलंय. सायकली हायेत ना? चालवा की!"

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्यांनी निमूटपणे दुसरा टेंपो बोलावला.

*

दिलीप मोबाइलवरचं सायकलिंगचं ॲप घरातूनच चालू करायचा. टेंपो चढतोय की सायकल, त्याला काय कळणार? एका सकाळी ॲपने दिलीपला त्या चढावरचा सगळ्यात वेगवान सायकलस्वार ठरवलं! त्याच्या बायकोने, सुनीतावहिनींनी, सोसायटीत पेढे वाटले. सोसायटीने शाल-श्रीफळ दिलं.

मी म्हटलं, "अरे, खरं सांगून टाक."

"लोकांनी पेढे खाल्लेत रे," तो म्हणाला. त्याने स्वतः चार खाल्ले होते.

*

तीन महिने झाले. डॉक्टरांकडे जाताना वहिनींनी साक्षीला मलाही नेलं. शुगर वाढलेली!

"व्यायाम करता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनींनी ॲप उघडून त्यांच्यापुढे धरलं. "बघा ना, आठवड्यातून तीनदा डोंगर चढतात. रेकॉर्ड आहे यांचं!"

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग गंभीर झाले. "एवढं चढूनही शुगर वाढते, म्हणजे आता गोळ्यांनी भागणार नाही. आजपासून इन्सुलिन."

दिलीप पांढराफटक! मला खरंच त्याची कीव आली. टेबलाखालून लाथ मारली. बोल ना लेका, टेंपोचं सांग, वाचशील!

त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींचे डोळे भरून आले होते.

"किती कष्ट घेतात हो," त्या म्हणाल्या.

दिलीपने शर्ट वर केला.

"कुठे टोचायचं, डॉक्टर?"