अप्पा बागेत जातात

"घराकडे लक्ष असू द्या हं. मी जरा बागेत जाऊन येतो."

हे सांगताना अप्पा समोरच्याकडे बघत नसत, हातातल्या कुलपाकडे बघत. त्यांचं हे 'जरा' तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंत चालायचं. पनवेलच्या आसपास वीटभट्ट्या पेटल्या की त्यांचा दमा उसळायचा, म्हणून डॉक्टरांनीच थंडीभर इथून हलायला सांगितलं होतं. आमच्या भिंतीला भिंत लावून हा विधुर माणूस एकटा राहायचा.

घर बंद करायची त्यांची तयारी बघण्यासारखी असे. माठ पालथा. तांदळात कडुलिंबाचा पाला. उंदरांनी कुरतडू नये म्हणून गादी गुंडाळून आढ्याला टांगलेली. मोरीच्या भोकात चिंध्या, वर वीट. देवांना उपाशी ठेवून जायचं नाही, म्हणून तबकात तांदूळ पसरून त्यावर बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा बसवायचे आणि आमच्याकडे घेऊन यायचे. "वहिनी, यांचे काही नखरे नाहीत. दूधसाखर चालते." शिवाय घर रिकामं आहे हे चोराला कळू नये म्हणून परसातल्या दोरीवर एक बनियन मुद्दाम वाळत सोडायचे. संक्रांतीपर्यंत ते धुरानं काळं पडायचं. चोर काय, कावळाही फसला नसता.

बाग गुहागरकडे होती म्हणे, हापूसची. तुम्ही म्हणाल, मग आंबे? अप्पा मोहोर बघूनच परतायचे, फळाची वेळच येऊ द्यायचे नाहीत. एकदा कुणीतरी डिवचलं, तर पुढच्या खेपेला आंबापोळी घेऊन आले. "घरची आहे," म्हणाले. दुकानाचा कागद काढायचा तेवढा राहिला होता. आम्ही चवीचं कौतुक केलं.

खरं काय ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांची मुलगी एका दिवाळीला आली होती, तेव्हा माझ्या बायकोशी सहज बोलून गेली, "अप्पा थंडीत आमच्याकडेच असतात ना, वेंगुर्ल्याला. बाग तर कधीच विकली." बायकोनं हे फक्त एकीला सांगितलं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळलं. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये असं मानणारा माणूस जावयाच्या घरी महिनेच्या महिने काढत होता. आम्हालाच कसंनुसं झालं. तरी अप्पा परतले की कुणीतरी न चुकता विचारायचं, "काय अप्पा, मोहोर कसा आहे यंदा?"

"झकास!" अप्पा म्हणायचे आणि घाईनं कुलूप काढायला लागायचे.

मग एका वर्षी श्वास फारच लागला. जावई स्वतः जीप घेऊन आला, भर दुपारी. मोठा गुणी, मोकळा गडी. ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता अप्पांना कायमचं नेतोय. नाहीतरी दर थंडीत आमच्याकडेच असतात की!"

अप्पा उंबऱ्यातच थांबले. मफलर त्यांनी नाकापर्यंत ओढून घेतला.

मी बायकोला आत चल म्हटलं आणि दार लोटून कडी घातली. समोरच्यांनीही दार लावलं. बघता बघता आळीतली सगळी दारं बंद झाली. अप्पांना कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागू नये, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं.

बायको फटीतून बघत होती. "आपल्या ओट्यावर आलेत," ती कुजबुजली. "कडी वाजवायला हात उचललाय."

मी श्वास रोखून उभा राहिलो. कडी वाजली नाही.

"उतरले," ती म्हणाली. "समोरच्यांच्या दाराकडे बघतायत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडी काढून धावलो, तोवर जीप वळली होती. मागोमाग एकेक दार उघडलं. सगळी आळी बाहेर येऊन उभी राहिली, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.